कर्सर डावीकडे सरकतो

अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा टाकतात, ओल टिकावी म्हणून.

विमानाच्या नाकापाशी बोटाएवढी एक नळी असते. ती हवेचा दाब मोजते, त्यावरून वेग कळतो. उंचावर नळीत बर्फ साचला की विमान सुसाट जात असतं आणि काटा शून्य दाखवतो.

चंद्राबाईंनी दिवाळीत स्वयंपाकघरात सिंक बसवून घेतलं. स्टीलचं.

शेळगावात साखर मागतात, ट्रॅक्टर मागतात, प्रसंगी मुलगीही मागतात. विहिरीची पाळी मागत नाहीत.

प्रश्न, ब्राझीलमधून कुणाचा तरी: माझा रडार काहीच दाखवत नाही. सगळं तपासून झालं.
उत्तर, मोनाचं: चाकं जमिनीवर आहेत का? जमिनीवर असताना रडार चालत नाही. आधी उडा.

अविराज चहात बिस्कीट बुडवत नाही.

*

मार्च संपत आला होता. अविराज इंदापूरहून शेळगावला आला तो मोहनरावांच्या जाळीच्या शेडनेटमध्ये सेन्सर बसवायला. ढोबळी मिरचीच्या मुळांशी ओलावा किती आहे ते हे सेन्सर सांगणार होते. काम साधं होतं. तारा जोडण्याआधी मेन स्विच बंद करायचा, एवढंच. स्विच पॅकिंगच्या शेडच्या भिंतीवर होता. त्याने तो खाली ओढला.

आतून आवाज आला — "पाडलं!"

अविराज दारात गेला. रिकाम्या क्रेटच्या दोन थप्प्यांच्या मधे लोखंडी अँगलचा एक सांगाडा होता. सांगाड्यात जुन्या जीपची सीट, सीटसमोर तीन काळेठिक्कर पडदे, आणि सीटवर एक मुलगी, कानांवर हेडफोन, उजव्या हातात दांडी. ती वळली. कपाळावर घामाचे चार थेंब होते आणि त्यातला एक भुवईवरून खाली यायचा की नाही, हे ठरवत होता.

"काय पाडलं?" त्याने विचारलं.

"विमान. तुम्ही. पंधरा हजार फुटांवरून."

अविराजने वर पत्र्याकडे पाहिलं.

"आत कुणी होतं?"

"मी होते."

"मग... बऱ्या दिसताय की."

"लाइट लावा."

"तारा उघड्या आहेत. शॉक बसेल मला."

"आणि मला बसला तो?"

तो हसला नाही. हसायचं होतं, पण ओळख नव्हती. हेडफोन काढून तिने मानेवर ठेवला, केस एका बाजूला घेतले, आणि त्याच्या हातातल्या सेन्सरकडे पाहत राहिली. माणसाच्या आधी वस्तूकडे पाहायची तिला सवय होती.

"ओलाव्याचा?"

"हो."

"नेम धरून बसतो का, का सरकतो?"

"नवा आहे. अजून सरकायचं वय नाही त्याचं," अविराज म्हणाला.

तेव्हा तो थेंब भुवईवरून खाली आला.

*

मोना ही मोहनरावांची धाकटी मुलगी. बारामतीत इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून परत आली आणि पॅकिंगच्या शेडमध्ये विमान बांधलं. म्हणजे विमानाचा पुढचा भाग. म्हणजे सीट, दांडी, वेग वाढवायचा थ्रॉटल, बटणं. बाकीचं विमान काँप्युटरात. खेळ लढाऊ विमानांचा, पण पोरखेळ नव्हे. खऱ्या विमानात जेवढी बटणं तेवढी यात, आणि क्रम चुकला तर इंजिनसुद्धा सुरू होत नाही.

मोनाला लढण्यात रस नव्हता. तिला बिघाडात रस होता. जगभरची माणसं या खेळाच्या चर्चेच्या पानावर येऊन रडत — रडार दिसत नाही, कॅमेरा भलतीकडे बघतो, वेगाचा काटा मेला. मोना उत्तरं द्यायची. दोन ओळींत. शेवटी नमस्कार वगैरे काही नाही.

ही उत्तरं बेंगळुरूच्या एका कंपनीतल्या बाईंनी वाचली. कंपनी वैमानिकांच्या सरावासाठी असली यंत्रं बनवत होती आणि त्यांना बिघाड शोधणारी माणसं हवी होती. त्यांनी मोनाला परीक्षेला बसायला सांगितलं. बेंगळुरूला जायचं नव्हतं. गुरुवारी सकाळी अकराला मोनाने आपल्या सीटवर बसायचं, बाई तिकडून विमान बिघडवणार, काय बिघडलं ते मोनाने सांगायचं. तीन बिघाड, प्रत्येकाला एकच उत्तर. आपल्या यंत्रात दोष निघाला तर मध्येच सांगायला परवानगी होती. पण मग परीक्षा रद्द, आणि पुढची भरती वर्षाने.

"पोरगी इमान उडवती," मोहनराव गावात सांगायचे. "फकस्त जिमीन सोडत न्हाय."

बेंगळुरूचं कळल्यावर हे सांगणं त्यांनी बंद केलं.

*

दोष मोनाच्या यंत्रातच होता.

थ्रॉटलवर अंगठ्याखाली वाटाण्याएवढी एक गोल घुंडी होती. ती हलवली की रडारच्या पडद्यावरचा कर्सर हलतो. तो समोरच्या विमानावर नेऊन ठेवायचा. पण काही दिवस, काही वेळ, अंगठा उचललेला असतानाही कर्सर आपोआप डावीकडे सरकायचा. सावकाश. म्हशीने गोठ्यातून बाहेर निघावं तसा.

तिने घुंडीचा सेन्सर बदलला. पुन्हा बदलला. वायर बदलली. खेळ काढून परत टाकला. कर्सर डावीकडेच.

"कधी होतं?" अविराजने विचारलं. सेन्सर बसवून झाले होते. तो दुसऱ्या दिवशीही आला होता. सेन्सर 'बघायला', असं म्हणाला.

"नेम नाही. एखाद्या आठवड्यात सकाळी. एखाद्या आठवड्यात दुपारी."

"आणि रविवारी?"

"रविवारी माझा सेन्सर देवळात जात असेल, मला काय माहीत!"

"चिडू नका. विचारतोय फक्त."

"मी सगळ्या जगाला सांगते, काय बिघडलंय. सांगा बरं, मलाच माझं कळेना तर कसं वाटत असेल?"

अविराजच्या फोनवर मिरचीच्या ओलाव्याची रेघ दिसत होती ती त्याने तिला दाखवली. रेघ सरळ चालली होती आणि एका जागी दचकल्यासारखी उडी मारून परत सरळ.

"इथं मोटर सुरू झाली," तो म्हणाला. "माझाही दचकतो. तुमचा एकटाच नाही."

मोना स्क्रीनवर वाकली. त्यासाठी तिला त्याच्या मनगटाजवळ यावं लागलं. हाताला मिरचीच्या देठाचा हिरवा वास होता. कुणाच्या, ते सांगता येणार नाही. दोघेही सकाळपासून मिरचीतच होते.

"मोटर..." ती म्हणाली.

"शेतीची थ्री फेज लाइट आठवड्यागणिक वेळ बदलते. मोटर तेव्हाच चालते. तुमचा कर्सरही तेव्हाच."

ती त्याच्याकडे पाहायला लागली. पहिल्यांदाच, वस्तूच्या आधी.

*

प्रश्न, तुर्कस्तानातून: दिशायंत्राची जुळणी पूर्ण व्हायच्या आत विमान हलवलं तर काय होतं?
उत्तर: दिशायंत्र आपण कुठे आहोत ते शिकत असतं. शिकेपर्यंत उभं राहावं लागतं. घाई केली तर लगेच काही होत नाही. नंतर होतं.

*

मोटरच्या स्टार्टरची पेटी पॅकिंगच्या शेडच्या मागच्या भिंतीवर होती. तिथून एक जाड तार जमिनीत गेली होती. अविराज त्या तारेमागे गेला, उकिडवा बसला, आणि अर्थिंगच्या खड्ड्यावरची फरशी उचलली. आत सगळं कोरडं. चुलीतल्या राखेसारखं.

तो उठून घराच्या दाराशी गेला, मोना मागोमाग. तिची आई, चंद्राबाई, ताक घुसळत होत्या.

"काकू, एक विचारू?"

"इचारा की."

"भांडी कुठं घासता?"

चंद्राबाईंनी रवी थांबवली. मोनाकडे बघितलं, मग पुन्हा त्याच्याकडे.

"का वं पाव्हणं? सोयरीक घिऊन आलाय का काय? आमच्या पोरीला भांडी घासता येत्यात, तेवढं लिहून घ्या."

"आई!"

"तसं नाही काकू, अर्थिंगचं..."

"अन् आता हितं आत घासतो. बघा, स्टीलचं हाय. दिवाळीत बसवलं. आदी मागं शेडपाशी मोरी होती. ऊन लागायचं, भांड्यांची पाटी न्याया लागायची. आता पाणी पायपानं केळीला जातंय."

अविराजने मोनाकडे पाहिलं. मोनाने डोळे मिटून घेतले होते.

"दिवाळीपासून," ती म्हणाली.

"दिवाळीपासून," तो म्हणाला.

वीस वर्षं चंद्राबाईंच्या मोरीचं पाणी त्या खड्ड्यात झिरपत होतं, म्हणून अर्थिंग ओलं होतं, म्हणून मोटर सोडते तो विजेचा कचरा जमिनीत जात होता. सिंक आलं, मोरी सुटली, खड्डा सुकला. मोटरचा कचरा जमिनीत जायचा तो मागे वळून मोनाच्या थ्रॉटलमध्ये, वाटाण्याएवढ्या घुंडीत यायला लागला.

"रडारला काय झालं म्हणं?" चंद्राबाईंनी विचारलं.

"तुझी भांडी झाली आई," मोना म्हणाली आणि इतकी हसली की खाली बसली. अविराज ती हसताना पाहत होता. हे कुणाच्या लक्षात आलं नाही असं त्याला वाटलं. चंद्राबाईंनी रवी पुन्हा सुरू केली, जरा हळू.

*

पत्र्याच्या भिंतीच्या आत मोना. पत्र्याच्या भिंतीबाहेर अविराज, बादली घेऊन. मोटर चालू.

"ओतू?"

"ओता."

"काय म्हणतंय?"

"सरकतंय अजून... थांबा... अजून एक."

"विमान उडतंय का पोहतंय?"

"बोलू नका, ओता."

"ओतली."

"थांबलं!"

"काय?"

"कर्सर! थांबला! एकदम शहाण्यासारखा!"

"मग मी पण थांबू?"

पत्र्याच्या आत सीट करकरली.

"तुम्ही नका थांबू. मुरूम आहे, पाणी ठरत नाही."

"एवढंच कारण?"

"सध्या एवढंच."

"सध्या म्हणजे कधीपर्यंत?"

"अविराज... सरकायला लागलाय परत. बादली."

*

चार गोष्टी शक्य होत्या.

नवा खड्डा घेणं. पण खाली मुरूम. तो फोडणारा ब्रेकरवाला पुढच्या आठवड्याचं बोलत होता.

अर्थिंग सोडवून ठेवणं. "मग सांगाड्याला हात लावायचा नाही," अविराज म्हणाला. "लोखंड आहे. नोकरी लागेल ती वेगळ्याच ठिकाणची."

मोटर तासभर बंद ठेवणं. मोनाने चहाच्या वेळी वडिलांकडे विषय काढला.

"गुरुवारी पाळी कुणाची?" मोहनरावांनी विचारलं.

"तात्यांची."

तात्या म्हणजे हिंदुराव, मोहनरावांचे थोरले भाऊ. विहीर एक, मोटर एक, पाळ्या दोन. मोहनरावांनी बशीतला चहा संपवला.

"मंग इचारू नगंस."

"एक तास फक्त, आबा."

"तासाचं न्हाय. आज आपुन तास मागितला की उद्या तेनी दीस मागायचा. तुझ्या आज्यानं पाळ्या लावल्यात. तेवढ्या एकावर घर उभं हाय."

राहिली चौथी गोष्ट. मोटर चालू असेपर्यंत कुणीतरी मागे उभं राहून खड्ड्यात पाणी ओतत राहणं.

*

बुधवारी संध्याकाळी ते दोघे निमगाव केतकीच्या रस्त्याला लागून बांधावर बसले होते. अविराजची मोटारसायकल उभी होती. त्याला निघायचं होतं. तो बराच वेळ निघत होता. शेडनेटमध्ये पानांवर उजेड तिरपा पडला होता. चंद्राबाईंनी चहा पाठवला होता आणि पार्ल्याची बिस्किटं. मोनाने बिस्कीट बुडवलं, ते तुटलं, तिने बोटाने काढलं.

"तुम्ही का नाही बुडवत?"

"बुडालेलं काढत बसायचं... जीव वरखाली होतो."

"घाबरट."

"आहे."

"उद्या याल ना? दहाला आलात तर..."

अविराजने कप खाली ठेवला.

"उद्या बारामतीला काम आहे."

"कधी ठरलं?"

"आहे ठरलेलं."

तिनेही कप खाली ठेवला. मग म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं गुरुवारचं."

"माहीत होतं."

"मग?"

"मग काय मोना?" पहिल्यांदा त्याने नुसतं नाव घेतलं होतं, आणि ते भांडणात खर्ची पडलं. "पाणी मी ओतायचं. कर्सर थांबणार. तुम्ही पास होणार. बेंगळुरूला जाणार. हे सगळं मीच बादली घेऊन... मला सांगा, कुठला माणूस करेल?"

तिला हे कळलं. कळलं म्हणूनच ती चिडली.

"मी मागितलं नव्हतं," ती म्हणाली. "आई ओतेल. तुम्ही नका येऊ."

"बरं."

"खरंच नका येऊ."

"ऐकलं."

मोटारसायकल दोनदा मारल्यावर सुरू झाली. मोना पाहत नव्हती.

*

प्रश्न, पोलंडमधून: दोष विमानाचा की माझ्या यंत्राचा, हे कसं ओळखायचं?
उत्तर: एका वेळी एकच गोष्ट बदला. बाकीच्या धरून चाला.
प्रश्न: आणि काहीच बदलता येत नसेल तर?
(या प्रश्नाला मोनाने उत्तर दिलेलं नाही.)

*

गुरुवार.

पावणेअकराला मोना सीटवर बसली. मागे चंद्राबाई बादली घेऊन उभ्या होत्या. "किती ओतू गं?" असं त्यांनी विचारलं आणि मोना म्हणाली, "मोटर थांबेपर्यंत." अकराला कॅमेऱ्यात परीक्षक बाई आल्या. पांढरे केस, पाठीमागे रिकामी भिंत. त्यांनी नियम वाचून दाखवले. घुंडी, वायर, काहीही काढून बघायचं नाही. सीट सोडायची नाही. तुमच्या बाजूला काही दोष आहे का?

"नाही," मोना म्हणाली.

पहिला बिघाड. विमान चढत होतं, वीस हजार फूट, आणि वेग कमी कमी होत शून्यावर आला. मोनाने इंजिनाकडे पाहिलंही नाही. नळीत बर्फ साचला आहे, नळी तापवायचं बटण बंद आहे. बाईंनी टाचण केलं.

तेवढ्यात दारातून अंगणात टेम्पो आलेला दिसला. मिरचीचा टेम्पो, जो दुपारी एक वाजता यायचा होता. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मग शेडनेटकडून चंद्राबाईंचा आवाज आला, लांबून — "ए सारजा, ती टोपली हिकडं! भरलेल्या क्रेट आदी!" तोडणीच्या बायकांवर ओरडताना आईचा आवाज कुठे आहे हे मोनाला लहानपणापासून अचूक कळायचं. आई शेडच्या मागे नव्हती. शेडनेटच्या पार दुसऱ्या टोकाला होती.

दुसरा बिघाड. रडार कोरा. समोर विमान असूनही पडदा रिकामा. तिने तीन गोष्टी तपासल्या, चौथी सापडली: रडार ऐकत होता, बोलत नव्हता, मुका करणारं बटण दाबलेलं होतं. बाईंनी मान हलवली.

शेडच्या मागे स्टार्टरची पेटी खट्ट वाजली. मोटर सुरू झाली.

तिसरा बिघाड. पंखाखालचा कॅमेरा त्याच घुंडीने जमिनीवरच्या एका पुलावर रोखायचा होता. मोनाने रोखला. अंगठा उचलला. कॅमेऱ्याची चौकट पुलावर होती. मग चौकट पुलाच्या कडेला आली. मग नदीवर.

डावीकडे. सावकाश.

मोनाने हात मांडीवर ठेवले.

दोन शक्यता होत्या. पहिली: मागे कुणी नाही, खड्डा कोरडा आहे, मोटरचा कचरा घुंडीत येतोय, आणि हा दोष शेळगावचा आहे. तसं असेल तर खरं सांगून टाकायचं, परीक्षा वर्षाने. दुसरी: खड्डा ओला आहे, घुंडी शांत आहे, आणि बाईंनी विमान उभं असतानाच जुळणी अर्धवट तोडली आहे. दिशायंत्राला आपण कुठे आहोत ते नीट माहीत नाही, म्हणून कॅमेरा जमिनीवर ठरत नाही. तसं असेल तर हेच उत्तर.

दोन्हींत चौकट डावीकडेच सरकते. पडद्यावर बघून सांगता येत नाही. बघायला जाता येत नाही.

खड्डा ओला असायला मागे कुणीतरी हवं. आई शेडनेटमध्ये होती. आबा टेम्पोपाशी. हिंदुराव तात्या स्वतःच्या मिरचीत, पाळी सोडून ते देवाच्या बोलावण्यालाही गेले नसते.

आणि एक जण बारामतीला.

त्याला तिनेच सांगितलं होतं, येऊ नका. तो म्हणाला होता, ऐकलं. तो खोटं बोलत नाही, एवढं तिला माहीत होतं. पण ऐकलं म्हणाला होता... येणार नाही, असं म्हणाला नव्हता.

चौकट नदी ओलांडून शेतात गेली.

"वेळ संपत आली," बाई म्हणाल्या. "दोष तुमच्या बाजूचा असेल तर सांगू शकता. त्यात कमीपणा नाही."

मोनाने मोटरचा आवाज ऐकला. हेडफोनमधून मागचं पाणी ऐकू येत नव्हतं. पाऊलही नाही. पुरावा म्हणावा असं काहीच नव्हतं.

समजा, अविराज आला आहे.

"दोष माझ्या बाजूचा नाही," मोना म्हणाली. "दिशायंत्राची जुळणी पूर्ण होऊ दिली नाही. त्याच्या आत विमान हललं. म्हणून कॅमेरा सरकतोय."

बाईंनी टाचण केलं. मग चष्मा काढला.

"खात्री कशी केली? तुमची घुंडीही सरकू शकते. तुम्हीच पानावर अशी तक्रार लिहिली होती, फेब्रुवारीत."

मोनाने घुंडीकडे पाहिलं.

"आता सरकत नाही," ती म्हणाली. "तिथे माणूस आहे."

बाईंना हे नीटसं कळलं नसावं. पण त्या हसल्या, तिन्ही बरोबर म्हणाल्या, आणि पत्र पाठवतो म्हणाल्या.

*

मोना शेडच्या मागे आली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. अविराज गुडघ्यापर्यंत भिजलेला होता. बाजूला हौद, हौदाच्या कडेला बादली, आणि हिंदुराव तात्या कमरेवर हात ठेवून उभे होते.

"काय रं," तात्या म्हणत होते, "मघाधरनं बघतोय, मी मिरचीला पाणी देतोय अन् तू जिमिनीला. काय पेरलंयस काय हितं?"

"अर्थिंग आहे तात्या."

"उगवलं म्हंजी सांग." त्यांनी मोनाकडे पाहिलं, अविराजकडे पाहिलं, आणि टोपी सारखी केली. "चालू द्या. माझी पाळी चारपतूर हाय." ते गेले.

"बारामतीचं काम?" मोनाने विचारलं.

"बारामती कुठं पळून जाते."

"कधी आलात?"

"काकू टेम्पोकडे पळाल्या तेव्हा. रस्त्यावर होतो. म्हणजे... बांधावर. तिथंच होतो जरा वेळ."

"किती जरा?"

"सकाळपासून."

तिने हौदाकडे पाहिलं. हौदात पानं तरंगत होती.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"पास."

"तिन्ही?"

"तिन्ही."

"चांगलं झालं," अविराज म्हणाला. त्याने ते नीट म्हणायचा प्रयत्न केला आणि बरंचसं जमलं. मग म्हणाला, "एक सांगतो. पहिली बादली भरताना वाटलं होतं... न ओतावी."

"किती वेळ वाटलं?"

"बादली भरेपर्यंत."

"मग?"

"मग भरली."

मोना हसली. मग थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ऊन फार होतं, त्यामुळे नक्की कशामुळे ते सांगता येणार नाही.

"तिसऱ्या बिघाडाला," ती म्हणाली, "मला काहीच दिसत नव्हतं. माझं का त्यांचं, काही कळायला मार्ग नव्हता. मग मी तू आलायस असं धरलं."

"तू?"

"हो. तू. धरलं आणि उत्तर दिलं."

"आणि मी नसतो आलो तर?"

"तर नापास झाले असते. आणि तेव्हाच कळलं असतं, तू कसा आहेस. दोन्ही एकदमच."

अविराजने बादलीच्या कडीवर अंगठा फिरवला.

"जाणार आता."

"जाणार. तुला ओलाव्याचे सेन्सर तिकडे बसवता येत नाहीत का? का इंदापूरबाहेर ओलावा नसतो?"

"असतो की..."

"मग?"

"मग विचार की सरळ. जगभराच्या लोकांना सरळ उत्तरं देतेस."

मोनाने आजूबाजूला पाहिलं. टेम्पो भरत होता. आईचा आवाज अजून शेडनेटच्या पार होता, पण जरा जवळ आला होता.

"मला तू हवा आहेस," ती म्हणाली. दोन ओळींचीसुद्धा गरज पडली नाही.

अविराजने बादली हौदात बुडवली, भरली, आणि उचलली. तिने ती दुसऱ्या बाजूने धरली. परीक्षा संपली होती. शेडमध्ये पडदे बंद होते. मोटर चालू होती, तेवढं कारण पुरेसं होतं. दोघांनी मिळून पाणी खड्ड्यात ओतलं, ते मुरमात शिरताना पाहिलं, आणि परत हौदाकडे गेले.

अविराज विमानात पहिल्यांदा बसला तो लग्नानंतर, पुण्याहून बेंगळुरूला जाताना. खिडकीची जागा मोनाने घेतली.